शोभेची खाच

सकाळी दूध तापवून गहिनीनाथने घरच्या लेथवर घडवलेली कप्पी विहिरीवर बसवली आणि दगडांचं पोतं ओढून पाहिलं. दुष्काळात सहकारी साखर कारखाना बंद पडल्यापासून तो आणि तिथला सोबती सटवा हौसेने काहीबाही घडवून एकमेकांना दाखवत. या कप्पीच्या बाभळीच्या चाकातल्या पोलादी आसावर शोभेसाठी खाच कातली होती. "लई देखणी हाय बे! उद्या मीबी अशीच घडवतो," सटवा फोटो काढत म्हणाला. तळाचं पाणी भरायला गहिनीनाथची बायको दोराच्या फासात पाय घालून उतरणार होती. "मला खाली सोडा की! फोटोनं घागर भरत न्हाई," ती म्हणाली. तेवढ्यात खाचेत गहिनीनाथला केसाएवढी रेष दिसली. नख फिरवलं तर अडकलं; पोत्याच्या भाराने आस खाचेतच तडकला होता. "दोर कुजलाय," म्हणत, आपली चूक झाकत त्याने तिला मागे ओढलं. तिच्यापुढे बहाणा खपला. सटवा मात्र खाचेचं माप घेऊ लागला. गहिनीनाथने त्याचं बोट धरून तड्यावर टेकवलं.