बिनखांबी घर

"हे तुमाला पटायचं न्हाई, आन म्या पटवून बी देनार न्हाई," असं म्हणून कोंडिबा वेल्ह्याच्या थांब्यावर बैठक मारून बसला. भोरच्या एसटीला अजून अवकाश होता. माणसं सरकून जवळ आली.

गोष्ट अडुसष्ट सालची. सारजाबाईला गावठाणात घरासाठी जागा मिळाली होती. मात्र ठरल्या दिवसापर्यंत घर उभं राहिलं नाही, तर ती जागा दुसऱ्याला जाणार होती. लाकूड तोडायची परवानगी मिळेना. सोनबा सुतार तर तोंडावर म्हणाला, मेढीचे खांब न्हाईत, वर तुळई न्हाई, त्याला घर म्हणत न्हाईत, कणगी म्हणत्यात.

"कणगीत वीस मण भात ऱ्हातं," सारजाबाई म्हणाली. "म्या एकली मावणार न्हाई व्हय?"

तिनं कारवीचे कूड विणले. दोन कुडांच्या मध्ये वीतभर भाताचा पेंढा ठासला, दोरीनं आवळून शिवलं, दोन्ही अंगांनी शेणमातीनं लिंपलं. अशा चार भिंती. कोपऱ्याला कोपरा बांधला, तशा त्या एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. वर पेंढ्याचंच छप्पर. आत खांब म्हणून नाही, आणि वैशाखात गारवा असा की शेळ्या दारातून हटेनात. सोनबानं येऊन भिंत खांद्यानं रेटून पाहिली. घर हललं नाही, त्याचं मुंडासं तेवढं पडलं.

मुदतीच्या दिवशी तलाठी आला. त्यानं नकाशा उघडला, पावलं मोजली आणि मान हलवली. घर झकास आहे, पण ते वीस पावलं अलीकडं, शेजारच्या बाजीच्या जागेत आहे. बाजीनं मोजणीची खुंटी उपटून शेळी बांधायला नेली होती, आणि परत आणली तेव्हा आठवेल तिथं ठोकली होती. तलाठी म्हणाला, दिवस मावळेपर्यंत बाईंच्या जागेत घर दिसलं तर तसं लिहितो, नाहीतर माझा इलाज नाही.

सोनबा हसला. सारजाबाई हसली नाही, रडलीही नाही. तिनं चार लांब बांबू आणायला सांगितले.

बारा जणांनी भिंतींखालून बांबू सारले आणि अख्खं घर उचललं. पुढं तलाठी, मागं घर. सोनबा वाटेत उभा होता, तो बाजूला झाला. उन्हं कलायच्या आत घर आपल्या जागेवर टेकलं. तलाठ्यानं तिथंच उभ्या उभ्या लिहिलं, घर आहे.

"आन पुढचा उजवा कोपरा ह्या खांद्यावर व्हता," कोंडिबानं सदरा सरकवला. "वळ हाय अजून."

माणसांच्या मागं एका म्हातारीनं डोईवरची पाटी खाली ठेवली. ती सारजाबाई होती.

"अकरा जण व्हते, कोंडिबा," ती म्हणाली. "तू ऊन लागतंय म्हणून आत शिरलास, आन माझ्यासंगं घरातनं चालत आलास."