पुढची सीट

“तिथे नको. तिथे काकू बसल्यात,” पोरगी म्हणाली आणि मागचं दार उघडून आत शिरली.

ड्रायव्हरचा हात पुढच्या दारावरच राहिला. सीट रिकामी होती. पट्टा मात्र लावलेला होता. तो कधी लावला, हे त्याला आठवेना. मागे नेहमीसारखा ऐसपैस पसरलेला गॅरेजवाला काहीतरी विनोद करणार होता. त्याने तो गिळला.

दोघं लहानपणापासूनचे दोस्त. ड्रायव्हरची बायको गेल्यापासून दोघं जास्तच पिऊ लागले होते. एका दुपारी त्यांनी गिऱ्हाइकाचा टेम्पो थेट बागेतल्या कारंज्यात घातला. न्यायाधीशांनी तुरुंगात न धाडता वेगळीच शिक्षा दिली. बालगृहातल्या एका बिघडलेल्या मुलीला दर रविवारी बाहेर न्यायचं आणि चांगलं वळण लावायचं. ते ऐकून कोर्टातला शिपाईसुद्धा हसला.

मुलीला तीन घरांनी नेऊन परत आणून सोडलं होतं. नसलेल्या माणसांशी बोलते, अशी सगळ्यांची तक्रार.

“तसं काही दिसलं तर मला सांगा,” बालगृहाच्या बाईंनी बजावलं होतं. “मग तिला इस्पितळात ठेवावं लागेल. कुलपातल्या वॉर्डात.”

वळण लावणं राहिलंच. दोघांनी तिला पत्त्यांत लबाडी करायला शिकवली, बोटं तोंडात घालून शिट्टी मारायला शिकवली. एकदा तर तिला पेट्रोल पंपावरच विसरून आले. धापा टाकत परत गेले, तर ती हवा भरणाऱ्याकडून नव्या शिव्या शिकत बसली होती. तिघंही पोट धरून हसले.

गाडीत बसलं की मात्र हसणं थांबायचं.

“हळू घ्या. काकूंना वळणावर भीती वाटते.”

“काच वर करा ना. त्यांचा कान दुखतो.”

खरंच दुखायचा. हिवाळा आला की त्याची बायको कानाला रुमाल बांधून बसायची. ड्रायव्हरने हे पोरीला कधी सांगितलं नव्हतं. त्याच्या मानेवर काटा यायचा. डावीकडे बघायचा धीर होत नसे. तरी सोमवारपासूनच तो रविवारची वाट बघू लागला. काकूंना वास सहन होत नाही, असं पोरगी म्हणाली, तेव्हा त्याने दारूही सोडली.

शिक्षेच्या शेवटच्या रविवारी बाई गाडीपाशी आल्या.

“खरं सांगा. ही कोणाशी बोलते का?”

नाही म्हटलं की पोरगी सुटणार होती. ड्रायव्हरने शेजारच्या पट्ट्यावर हात ठेवला. नाही म्हणणं म्हणजे ती सीट रिकामी आहे असं म्हणणं. गॅरेजवाला खिडकीबाहेर बघत राहिला. बाईंचा चेहरा उतरत चालला.

पोरगीच बोलली. “मला कोणी दिसत नाही, बाई. काका दिसतात. पहिल्या रविवारी गाडी आली तेव्हाही ते शेजारच्या सीटशी बोलत होते. ते गाडीत बसले की शेजारचा पट्टा लावतात. वळण आलं की म्हणतात, हळू घेतो गं, घाबरू नकोस. कान दुखतोय का, विचारतात. कोणी उत्तरच देत नाही. म्हणून मी देते.”

“आणि त्या तीन घरांत?”

“तिथेही कोणीतरी गेलेलं होतं. माझ्याशी बोलताना सगळे त्यांच्याशीच बोलायचे.”

ड्रायव्हर मागे वळला. “मी बोलतो?”

“केव्हापासूनच,” गॅरेजवाला म्हणाला. “मी मागे काय पाय लांब करायला बसतो?”

बाईंनी बराच वेळ चष्मा पुसला. “इस्पितळाचं राहू दे,” त्या म्हणाल्या. “शिक्षा संपली तुमची. तरी पुढच्या रविवारी या.”

त्या गेल्या. ड्रायव्हर उतरून पलीकडे गेला. पुढचं दार उघडून त्याने पट्ट्याचं लाल बटण दाबलं. पट्टा सर्रकन मागे गेला. सीटवर कोणी नव्हतं. तो तिकडे नीट बघत उभा राहिला.

“ये. पुढे बस,” तो पोरीला म्हणाला.

ती हलली नाही. “मग काकू?”

गॅरेजवाल्याने पसरलेले पाय आवरले, अंग चोरून तो खिडकीकडे सरकला आणि त्याने शेजारची जागा हाताने झटकली.

“या वहिनी,” तो म्हणाला.