मत्राहचा जिना

मस्कतच्या मत्राह बंदरातलं पोर्तुगीज काळातलं एक घर जपून, त्यात चार फ्लॅट करायचं काम वसईच्या कंत्राटदार रॉबिनकडे आलं. "दगडी जिना तेवढा राहू दे," ओमानी मालकानं परोपरीनं सांगितलं होतं. पण जिना काढल्याशिवाय खालच्या फ्लॅटला किचन बसेना. मालक दूर सलाला शहरात गेलेला पाहून रॉबिननं तो फोडून टाकला. काम संपल्यावर बायको उर्सुलाला घेऊन तो त्याच फ्लॅटमध्ये भाड्यानं राहायला आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो जेवायला घरी आला. ओट्यावर सकाळचा भात गार होऊन पडला होता, पण उर्सुला कुठेच दिसेना.

"उर्सुला!"

किचनच्या छताच्या वरून, फार उंचावरून तिचा दमलेला आवाज आला, "उतरतेय रे! सकाळपासून उतरतेय. पायऱ्या संपतच नाहीत."