पारव्याच्या गळ्याचा रंग

कपाच्या ग्लेझवर, म्हणजे भट्टीत काचेसारख्या चकाकणाऱ्या लेपावर, पारव्याच्या गळ्याचा निळा-हिरवा रंग आणायचा, असा येरमाळ्याच्या चन्नबसप्पा कुंभारानं ध्यासच घेतला होता. बाभळीची, तुराट्यांची, कडुलिंबाची राख त्यानं ग्लेझमध्ये कालवून बघितली, पण नऊ वर्षं भट्टीतून नुसता मातकट रंगच निघाला. आज मात्र घरच्या चुलीतली राख घातलेला एकुलता एक कप हुबेहूब तसा झळाळत बाहेर आला.

तो धावतच बायकोकडं गेला. "उमा, मी राख नेली त्या दिवशी चुलीत काय जाळलं हुतंस? मला तेच लाकूड पायजे, लई पायजे!"

उमादेवीचा चेहरा उतरला.

"आता कुठनं आणू? सरपण भिजलं हुतं, तवा तुमीच म्हणलात, मोटरवर फिरणारं चाक आलंय, मामंजींचं लाकडी चाक घाल चुलीत."