गच्चीवरची घंटा

घड्याळजीने मनगटावर नजर टाकली, दोरी ओढली आणि पहिली घंटा दिली. समोर, जिथे थेटर होतं तिथे, आता गाड्या उभ्या होत्या. एका ड्रायव्हरने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा मोबाइलमध्ये तोंड घातलं. ठरल्या मिनिटाला दुसरी, ठरल्या मिनिटाला तिसरी. मग घंटेवर पोतं टाकून तो खाली उतरला. शेजाऱ्यांनी सुरुवातीला कटकट केली होती, पण कारण कळल्यावर सगळे गप्प बसले.

कारण खालच्या खोलीत खाटेवर पडून होतं. घड्याळजीच्या बापाने सारा जन्म त्या थेटरात काढला. तीन घंटा द्यायच्या आणि तिसरीनंतर पडदा उघडायचा, हे त्याचं काम. डोळे गेले तरी हाताच्या अंदाजाने तो ते करत राहिला आणि शेवटी विंगेतल्या पायरीवरूनच पडून मांडीचं हाड मोडून घेतलं. ऑपरेशननंतर बरेच महिने तो लेकीकडे, परगावी होता. तेवढ्यात मालकाच्या वारसांनी थेटर विकलं. त्या जागेवर आधी धान्याचं गोदाम होतं, मग थेटर आणि आता भर बाजारात नुसती मोकळी जमीन. पाडकाम चाललेलं घड्याळजी आपल्या दुकानातून बघायचा. म्हाताऱ्याला सांगायचं कसं? धक्का सोसवणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मग त्याने भंगारवाल्याला गाठून थेटरची घंटा मिळवली आणि बाप घरी परतण्याआधी गच्चीत टांगली.

उरलेली बाजू बायकोने सांभाळली. थेटरची पायरी ती जेमतेम दोनदा चढली असेल, पण थापा मारण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"बाबा, काल हाउसफुल्ल होतं हं," दूध पाजताना ती सांगायची. "नायिका अशी काही रडली, बाल्कनीतले बापेसुद्धा नाक ओढत होते."

"अस्सं? आणि छत गळतंय का अजून?"

"गळतंय ना. खुर्च्यांच्या मधे बादली ठेवलीय."

म्हातारा खोकला येईपर्यंत हसायचा. एकदा तिने दोन नाटकांची खिचडी केली आणि पहिल्या अंकात मेलेला दीर शेवटच्या अंकात जेवायला बसवला. म्हाताऱ्याने तोही बिनबोभाट पचवला. नवराबायको स्वयंपाकघरात येऊन सुटकेचा निःश्वास टाकत. तरी घड्याळजीला आतून खात असायचं. आंधळ्या बापाला रोज फसवतोय, हे काही त्याच्या मनातून जात नव्हतं.

बोलता बोलता आईची आठवण निघायची. ती इस्पितळात कपडे धुण्याच्या खात्यात होती. जन्माची उशिराची. दूध उतू गेल्यावर शेगडीपाशी पोचणार, गाडी सुटल्यावर स्टेशनात. स्वतःच्या लग्नालाही उशिराच आली म्हणून सगळे तिला चिडवत. पण नाटकाचं नाव काढलं की तिचा तोरा बघावा. "एकाही नाटकाची सुरुवात चुकली नाही माझी," असं ती ठणकावून सांगायची. हे कसं जमायचं, ते घड्याळजीला लहानपणापासून कळलं नव्हतं. आता तिला जाऊनही बरीच वर्षं झाली होती.

त्या संध्याकाळी म्हाताऱ्याच्या घशात घरघर सुरू झाली. डॉक्टर येऊन, मान हलवून गेले. घंटेची वेळ झाली तरी घड्याळजी जागचा हलेना. "आज राहू दे," बायको कुजबुजली.

म्हाताऱ्याने चाचपडत लेकाचं मनगट धरलं. त्याची बोटं घड्याळाच्या काचेवर थांबली.

"जा, वेळ झाली. पण तिसरी आज जरा थांबून दे रे."

घड्याळजी खाटेवर वाकला. "बाबा... तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं. आपल्या थेटरात तिसरी घंटा कधी वेळेवर झालीय का? तुझी आई धापा टाकत बाल्कनीचा जिना चढायची. पडद्याच्या फटीतून ती खुर्चीत टेकलेली दिसेपर्यंत मी दोरीला हात लावत नव्हतो. ती गेल्यावरही थांबायचो. कुणी ना कुणी जिन्यात असतंच. हाताखालच्या पोरालाही तेच शिकवलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू रोज वर जात होतास, बाळा. कसं बोलू? आणि सूनबाईची नाटकं आमच्यापेक्षा बरी होती." त्याने मनगट सोडलं. "जा. तुझी आई आता जिन्यात असेल."

घड्याळजी वर गेला. पहिली दिली. दुसरी दिली. मग मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं आणि दोरी धरून उभा राहिला. समोरच्या गाड्या एकेक करून निघून गेल्या. डोळे वाहत होते, ते त्याने पुसले नाहीत. मग खालून बायकोचा हंबरडा ऐकू आला.

तेव्हा त्याने तिसरी घंटा दिली.