ओटच्या शेतातले तण

“कुमारी लिंडरोत, हे तण आहे,” भिंग खाली ठेवत प्राध्यापक स्तोलहाने म्हणाले. “सबंध स्कोने प्रांतात ओटच्या शेतांतून माजलंय. हवं असेल तर गाडीभर पाठवतो.”

परीक्षक मंडळाचे दोन्ही सदस्य हसले. हसणे हेच त्यांच्या सदस्यत्वाचे मुख्य कर्तव्य होते.

टीरा लिंडरोत उभीच राहिली. तिने दोन रानजातींचा संकर केला होता, एक गुलाबी फुलांची, दुसरी पिवळ्या. संकर जवळजवळ वांझ निघाला. पुढे त्याच्या वंशात एकुलते एक बी धरले. त्या बियाच्या रोपात गुणसूत्रे दुप्पट झाली होती, सोळाची बत्तीस. आणि ते रोप बियांनी लगडले. तेच आता वाळवून मंडळासमोर ठेवले होते. जाती अशाही जन्मतात, असे तिचे म्हणणे होते. संकरातून जात जन्मत नाही, असे सांगणारे स्तोलहान्यांचे तीन खंडी पुस्तक होते. आज मंडळाने तिला नाकारले, तर सोमवारी तिचे काचघर साखरेच्या बीटवर संशोधन करणाऱ्यांना मिळणार होते.

“तणच ना? नक्की?” तिने विचारले.

“चाळीस वर्षांत माझं एकही नाव चुकलेलं नाही.”

“मग नावाची चिठ्ठी लावा.”

त्यांनी ती मोठ्या खुशीने लिहिली. तणाचे पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे नाव, तारीख, सही. रोप ज्या कागदावर वाळवून चिकटवले होते, त्यावरच ती डिंकाने डकवली. वनस्पतिसंग्रहाच्या नियमानुसार अशी चिठ्ठी पुन्हा कोणालाही काढता येत नाही, लिहिणाऱ्यालाही नाही.

“कुंडीत रानातलं बी पडलं,” ते म्हणाले. “झालं तुमचं संशोधन!”

“माती वाफवलेली होती. काचघराला कुलूप होतं.”

“कुलपाचं कौतुक मला नका सांगू. किल्ली कोणाकडे होती?”

“तुमच्याकडे, प्राध्यापकमहाशय. माझ्यावर भरवसा नव्हता ना तुमचा! चार उन्हाळे दार तुम्हीच उघडलंत, तुम्हीच लावलंत. मी काही बोलले का?”

आता कोणी हसले नाही. स्तोलहान्यांचा हात नकळत चिठ्ठीकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. डिंक वाळला होता.

“आणि शेतातल्या तणात,” धाकट्या सदस्याने खुर्ची पुढे ओढत विचारले, “गुणसूत्रं किती असतात?”

“बत्तीस.”

“म्हणजे ते तणसुद्धा...”

“तेही असंच जन्मलं,” टीरा म्हणाली. “फक्त त्या वेळी कोणी प्राध्यापक हजर नव्हते.”