डोळे उघडा

फोनचं अपडेट आलं की बल्लारपूरचे लोक मोहसीनच्या मोबाईल दुकानात आपापले चेहरे दुरुस्तीला आणतात. सकाळपासून चेहरे बघून तो पार कंटाळला होता.

आता समोर जंगलगावची नीलाबाई होती. तिचा फोन तिला ओळखेना. पिन फक्त नवऱ्याला, सुकलूला, ठाऊक होता आणि त्याला मागच्या उन्हाळ्यात मोहफुलं वेचताना वाघाने नेलं होतं.

"फोन पुसून टाकू का, बाई? पण सगळंच जाईन."

"नोको, भाऊ. त्याचे फोटो तेवढे त्यातच आहेत."

ती पाणी प्यायला माठाकडे वळली. डोक्यामागे माणसाच्या चेहऱ्याचा मुखवटा बांधलेला होता. माणूस आपल्याकडेच बघतोय असं वाटून वाघाने मागून येऊ नये म्हणून तिकडे सगळेच बांधतात.

मोहसीनने तिच्याकडे धरलेल्या फोनवर अक्षरं आली : 'चेहरा सापडला. डोळे उघडा.'

"बाई, हा तुमच्या मुखवट्याले ओळखून राह्यला. वाघासारखाच भोळा आहे. काढा तो."

नीलाबाईने पाठमोऱ्यानेच मुखवटा सोडला आणि माठावर पालथा ठेवला. मागे नुसता अंबाडा राहिला. मोहसीनच्या हातातला फोन अजून त्या अंबाड्याकडेच रोखलेला होता.

'डोळे उघडा,' फोन पुन्हा म्हणाला.

मग फोनचं कुलूप उघडलं.